मधला ‘व’

मनकर्णाला नवऱ्यानं सोडली तेव्हा दीना तिच्या कडेवर होती. पोरीला घेऊन ती उसाच्या बांधाबांधानं चालत मिशनच्या बंगल्यावर आली आणि तिथल्या मिससाहेबांकडे आया म्हणून राहिली. मिससाहेब म्हणजे एक म्हातारी गोरी बाई. मराठी बोलायच्या, पण प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा सुटा सुटा. त्यांनी मनकर्णाला अक्षरं शिकवली ती शास्त्रातून. ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राला नुसतं शास्त्रच म्हणतात. भांडी घासून झाली की मनकर्णा ओले हात पदराला पुसायची, आणि तिचं चिरा पडलेलं बोट ओळीवरून मुंगीसारखं चालायला लागायचं.

एके दिवशी ते बोट अडलं. मिसर देशात गुलाम झालेल्या लोकांना देवानं बाहेर काढलं, त्या गोष्टीत. मनकर्णानं वाचलं, ‘देवानं त्यांना सोडलं,’ आणि तिचा चेहराच उतरला.

“देवानं बी सोडलं व्हय?” तिनं विचारलं.

“नीट बघ, मनकर्णा,” मिससाहेब म्हणाल्या. “मधलं अक्षर तू खाल्लं.”

मधलं अक्षर ‘व’ होतं. सोडलं नव्हे, सोडवलं.

मनकर्णा त्या ‘व’कडे बघत बसली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बघत बसली. पुढं आयुष्यभर ज्याला त्याला सांगायची, “दादल्यानं मला सोडली. देवानं मधी येक व घातला.” आणि जात्यावर बसली की हेच गायची:

दादल्यानं सोडिली गं, वाटंवरली चिंधी
देवानं सोडविली, व घातला मधी

दीनाची बाराखडी ही अशी जात्याच्या घरघरीत सुरू झाली.

इंग्रजीही तिला त्याच वाटेनं आलं. मिससाहेब मायदेशी परत गेल्या तेव्हा आपलं इंग्रजी शास्त्र पोरीला देऊन गेल्या. वर काळं कातडं, पानांच्या कडेला झिजलेलं सोनं. दीना डाव्या मांडीवर मराठी शास्त्र ठेवायची, उजव्या मांडीवर इंग्रजी, आणि दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी चालवायची, एका जुवाखालच्या बैलजोडीसारखी. मराठी बैल वाट जाणणारा. इंग्रजी त्याच्या ओढीनं चालायचा. त्यामुळे तिला जे इंग्रजी आलं ते फार जुनं होतं. त्यात मेंढपाळ होते, राजे होते, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाया होत्या. बँक नव्हती, बसस्टँड नव्हता. पण त्या इंग्रजीत रडणारा गळा काढून रडायचा, आणि देव हाक मारायचा तो नाव घेऊन. पुढं दीनानं डी.एड. केलं, शाळेतली इंग्रजी पुस्तकं शिकली, शिकवली. तरी जीव राहिला तो पहिल्या इंग्रजीवर. माहेरची बोली कशी, लोक हसले तरी तोंडातून सुटतेच.

श्रीरामपूरजवळच्या त्या शाळेत ती लागली तेव्हा शाळा मराठी होती. मग पोरं आटली, शाळा पुण्याच्या एका ट्रस्टनं घेतली, भिंती पिवळ्या झाल्या आणि फाटकावर इंग्रजी पाटी आली. जुन्यांपैकी दीना अमोलिक आणि गणिताची मेहताब शेख एवढ्याच उरल्या. लहान वर्गांना इंग्रजी दीनाकडे आलं, आणि मुलांना ते फार आवडलं. ते बोलायचं कमी आणि गायचं जास्त होतं ना! मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळा वर्ग एका सुरात, जुन्या शास्त्राच्या थाटात म्हणायचा, “बिहोल्ड, द बेल हॅथ रंग!” बाहेरच्या व्हरांड्यातून जाणारी मेहताब डोकं आत घालून म्हणायची, “दीना, तुझा वर्ग आहे की दरबार?”

पण मुलं संध्याकाळी घरी जातात, आणि शाळेतलं तोंड बरोबर घेऊन जातात.

दुसरीतली आयत, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या इम्रानची लेक. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तिला मोडकं बिस्कीट दिलं, तर ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, “वो अनटू यू, शॉपकीपर!” म्हणजे, दुकानदारा, तुझ्यावर अनर्थ ओढवो. दुकानदार बावचळला.

“अंटू? कोन अंटू?” तो म्हणाला. “हितं कोनी अंटू न्हाई, बाळा. बापाला इचारून ये.”

कुणीतरी हे मोबाईलमध्ये टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ‘अंटू’ नेवासे, राहुरी फिरून आला. इम्रानला लेकीचं कौतुकच वाटलं. त्यानं दुकानात गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा दाखवलं. पुण्यात ट्रस्टच्या लोकांनीही पाहिलं. त्यांना हसू आलं नाही.

दीनाच्या कानावर यातलं काही कुणी घातलं नाही. तिच्या जिवाला तेव्हा दुसराच घोर होता.

तिचा नवरा पॉल शुगर फॅक्टरीत फिटर होता. नाताळाच्या आधी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. शब्द यायचे, पण मधली अक्षरं वाटेत सांडून यायचे. ‘भाकरी’ची ‘भारी’ व्हायची. “भारी दे,” तो म्हणायचा, आणि दीना म्हणायची, “भारीच देते, थांबा.” दिवसाचं कसंही निभायचं, शेजारची दगडाबाई येऊन बसायची. प्रश्न रात्रीचा होता. शाळेला मुलींचं हॉस्टेल होतं, राजूरकडच्या डोंगरातल्या पोरी तिथं राहायच्या, आणि त्यांच्याजवळ झोपायचं काम दीनाकडे होतं. एका पहाटे ती घरी आली तर पॉल खाटेखाली पडलेला, पाण्याचा तांब्या लवंडलेला. पाणी वाळून गेलं होतं.

“हाक मारली होती का हो?” तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. मारली होती.

त्याच दिवशी ती प्रिन्सिपॉलांच्या ऑफिसात गेली. एडविन सर म्हणजे पस्तिशीचा, पुण्यात वाढलेला माणूस. चर्चला जायचा तो फक्त नाताळात. पण नाव आपल्यातलं, म्हणून दीनाला तो आपला वाटायचा. मराठी त्याला चांगलं यायचं, तरी अवघड काही बोलायची पाळी आली की घसा साफ करायचा आणि इंग्रजीत शिरायचा, गारा पडायला लागल्या की माणूस वळचणीला शिरतो तसा.

“सर, मला हॉस्टेलमधून मोकळं करा,” दीना म्हणाली. “शाळा मला हवी. शाळा गेली तर आमच्या घरात चूल नाही, आणि माझ्यात मी नाही. फक्त रात्री तेवढ्या माझ्या माणसाला द्या.” आणि विनंतीचा मान राखायचा म्हणून शेवटी इंग्रजीत म्हणाली, “आय बिसीच यू, सर, लेट मी गो.” म्हणजे, विनवते, मला जाऊ द्या.

“मॅनेजमेंटशी बोलतो,” एडविन म्हणाला. तिच्या ‘बिसीच’वर त्याच्या ओठांची कड हलली. दीनाला ते हसू मायेचं वाटलं.

नंतर एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यानं तिला बोलावलं. खुर्ची दिली, चहा सांगितला. आजवर त्या ऑफिसात दीना नेहमी उभी राहिली होती. चहाचा प्रश्न आलाच नव्हता.

“मिसेस अमोलिक,” तो म्हणाला, “यू आर द सॉल्ट ऑफ द अर्थ.”

दीनानं बशी टेबलावर ठेवली. पृथ्वीचं मीठ! डोंगरावर बसून प्रभू आपल्या माणसांना जे म्हणाला, ते हा पोरगा तिला म्हणत होता.

“ऑल दीज इयर्स यू हॅव गॉन द एक्स्ट्रा माइल.”

हेही तिला पाठ होतं. शिपायानं जबरीनं ओझं देऊन एक मैल चालवलं, तर तू त्याच्याबरोबर दुसराही मैल जा. ती गेली होती. सुट्टीतसुद्धा डोंगरातल्या पोरींची डोकी विंचरायला गेली होती. कुणी पाहिलं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आणि पाहणारा पाहून शास्त्राच्या शब्दांत सांगत होता!

एडविनला मात्र आपण शास्त्र बोलतोय याचा पत्ता नव्हता. हे शब्द तो कॉन्व्हेंटात शिकला होता, कुठल्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये, कुणाकुणाच्या निरोपसमारंभात. चर्चच्या पायरीत बसवलेल्या जुन्या दगडावर नावं कोरलेली असतात. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी ती गुळगुळीत होतात आणि मग उरते ती नुसती पायरी. एडविन त्या पायरीवरून उतरत होता. दीना वाकून नावं वाचत होती.

“बट,” त्यानं घसा साफ केला, “द रायटिंग इज ऑन द वॉल.”

दीनानं दचकून भिंतीकडे पाहिलं. तिथं एका पतसंस्थेचं कॅलेंडर होतं. मग तिला उमगलं. राजाची मेजवानी ऐन रंगात असताना भिंतीवर एक हात उमटला होता आणि लिहून गेला होता, की तुझं राज्य सरलं. पण ते लिहिणं राजासाठी होतं, वाढप्यांसाठी नव्हतं. म्हणजे या बिचाऱ्याच्या खुर्चीखालीच काही हललंय, असं तिला वाटलं, आणि त्याही परिस्थितीत हा माझी आठवण ठेवतोय म्हणून तिचे डोळे भरले.

“सर,” ती म्हणाली, “आय शॅल प्रे फॉर यू.”

“थँक यू,” एडविन म्हणाला. सोपं जातंय, असं त्याला वाटलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यानं एका दमात टाकलं. “सो द मॅनेजमेंट हॅज डिसायडेड टू लेट यू गो.”

लेट यू गो!

मिसर देशात गुलामांचा पुढारी मोशे फारो राजापुढे उभा राहून हेच मागत होता. माझ्या लोकांना जाऊ दे. नदीचं रक्त झालं, घराघरांत बेडूक आले, टोळ आले, दिवसा अंधार पडला, तरी फारोच्या तोंडून ते निघालं नाही. आणि इथं या लेकरानं चहा पाजून म्हटलं.

इंग्रजीची एक रीत आहे, ती दीनाच्या शास्त्रात कुठं आली नव्हती. त्या भाषेत साहेबलोक कुणाला कामावरून काढत नाहीत. जाऊ देतात. जणू माणूसच खुंट्याशी दावं ताणून उभा होता, आणि यांना दया येऊन यांनी गाठ सोडली.

“म्हणजे आजपासून हॉस्टेलवर झोपायला नको ना मी?” खात्रीसाठी तिनं मराठीत विचारलं.

“नको, नको. आजपासूनच फ्री.”

ती उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “ब्लेस्ड आर्ट दाऊ,” ती म्हणाली. एडविननं मान खाली घातली. आशीर्वादासाठी की शरमेनं, ते त्यालाच ठाऊक.

फाटकासमोरच्या दुकानातून पेढे घेऊन दीना परत आत आली. स्टाफरूममध्ये वाटले, एडविनला त्याच्या टेबलावर नेऊन दिला. मेहताबनं पेढा हातात घेतला, दीनाकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यात पेढाच घातला.

घरी येईपर्यंत दीनाच्या पायांना जमीन लागत नव्हती.

“अहो,” उंबऱ्यातूनच ती म्हणाली, “सोडवली मला!”

पॉलचं अर्धं तोंड हसलं. “सोड… ली.”

“सोडली नव्हे हो, सोड-व-ली. मधला खाल्लात. खालचा ओठ दाताला टेकवा बघू. व.”

“सोड… ली.”

“माझ्या आईनंही हाच खाल्ला होता. मिससाहेब असत्या तर तुमच्या हातावर छडी बसली असती.”

पॉलनं डावा हात पुढं केला. ‘मार,’ म्हणाला डोळ्यांनी. दीनानं त्या तळहातावर पेढा ठेवला.

त्या रात्री त्यानं पाणी मागितलं आणि ते मिळालं. एवढंच. पण त्या घरात ते एवढंच फार होतं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. दीना उभी राहिली. फारोची गोष्ट तिनं सांगितली, खाटेखाली पडलेल्या पॉलची सांगितली, एडविन सरांची सांगितली. मग आईची आठवण येऊन तिचा गळा आपोआप जात्यावरच्या सुरात गेला:

पहिली माझी ओवी गं, मोशेच्या गं नावाला
सोडविलं देवानं, आले माझ्या गावाला

“आमेन गं माझी बाई!” दगडाबाई बायकांच्या बाकांवरून ओरडली. बाहेर आल्यावर सगळ्यांनी दीनाचे हात हातात घेतले. दगडाबाईनं तर पाठीत धपाटाच घातला. “आता रोज रातच्याला घरी! पॉलला म्हनावं, घोरायचं बंद कर, बायको आलीया.” चर्चच्या भोंग्यातून पॉलनं खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकलं होतं. दीना घरी आली तेव्हा त्याची उशी ओली होती.

सोमवारी तिनं खळ केलेली साडी नेसली. रात्रीची झोप झालेली, अंग हलकं. शाळेत पोचली आणि आपल्या वर्गाच्या दारात थांबली.

आत कुणीतरी शिकवत होतं. फळ्यावर रंगीत चित्रांचा तक्ता, टेबलावर छोटा स्पीकर, आणि तक्त्याजवळ दिशा. शाळा मराठी होती तेव्हा याच वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, नाक पुसायला दीनाचाच रुमाल मागणारी दिशा.

“बाई!” दिशा पाया पडायला वाकली आणि अर्ध्यात थांबली. “सर म्हणाले, तुम्ही काकांसाठी स्वतःहून… मला वाटलं, निरोप घ्यायला याल एखाद्या दिवशी.”

“कुणाचा निरोप?”

“बिहोल्ड!” मागच्या बाकावरून आयत किंचाळली. “बाई हॅथ कम!” सगळा वर्ग उठून उभा राहिला.

“आयत,” दिशा हळू म्हणाली, “वी से, ‘गुड मॉर्निंग, मॅम.’” आणि दीनाकडे न बघता म्हणाली, “तसं सांगितलंय हो बाई, मॅनेजमेंटनं.”

मेहताब धावत आली. दंडाला धरून दीनाला स्टाफरूममध्ये घेऊन गेली आणि दार लोटलं.

“दीना, खरं सांग. तुला कळलं होतं ना शुक्रवारी?”

“काय कळायचं?”

“सर तुला ‘लेट यू गो’ म्हणाले ना? म्हणजे काय?”

“मोकळं केलं. जाऊ दिलं.”

मेहताब खुर्चीत बसली. “या अल्ला! अगं वेडे, नोकरीवरून काढतात त्याला म्हणतात तसं.”

“कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात! टीव्हीत, पिक्चरमध्ये. माझ्या भाच्याला कंपनीनं काढलं, त्यालाही असंच सांगितलं. वर केक कापला.”

“शास्त्रात तसं नाही, मेहताब.”

“शास्त्रात नसेल गं. शाळेत आहे.”

दीनानं वर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलेलं होतं, नेहमीसारखं.

“मी तुझा पेढा खाल्ला,” मेहताब म्हणाली. “त्या अंटूपासून त्यांच्या मनात होतं. आम्हाला वाटलं तुला सगळं कळलंय. पेढे वाटतेस, हसतेस… मी दिशाला म्हणाले, बघ पोरी, ईमान म्हणजे काय ते बघून घे. मी म्हणाले असं!”

ऑफिसचं दार उघडंच होतं. दीना आत गेली. या वेळी तिला कुणी खुर्ची दिली नाही आणि ती बसलीही नसती.

“सर, मला मराठीत सांगा.”

“काय, बाई?”

“शुक्रवारी सांगितलंत ते. मराठीत.”

एडविननं घसा साफ केला. “ॲक्च्युअली, मॅनेजमेंटचा एक डिसिजन…”

“मराठीत.”

“तुम्हाला रिलीव्ह…”

“हे मराठी नाही.”

त्यानं पेपरवेट उचललं, टेबलावर फिरवलं. “तुम्हीच म्हणाला होतात ना, लेट मी गो? मी तेच पुढे कळवलं. आणि तुम्ही इतकं छान घेतलंत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी मॅनेजमेंटला सांगितलं, शी टुक इट लाइक अ सेंट. आता मी कुठल्या तोंडानं त्यांना…”

“मी हॉस्टेल म्हटलं होतं. शाळा हवी म्हटलं होतं. चूल म्हटलं होतं. ते सगळं मराठीत होतं, सर. तुम्हाला कळलं होतं.”

पेपरवेट फिरायचं थांबलं.

“माझ्या हातात काही नाही, बाई,” तो म्हणाला. “मी पुष्कळ भांडलो तुमच्यासाठी. शेवटी आय हॅड टू वॉश माय हॅण्ड्स ऑफ इट.”

हे वाक्य मात्र दीनाला बरोबर कळलं. शास्त्रात होतं तसंच ते एवढ्या वर्षांत राहिलं होतं. मीठ विरघळलं, मैल झिजले, भिंतीवरचं पुसलं, पण या वाक्याला कुणाचे पाय लागले नव्हते. निरपराध प्रभू समोर उभा आहे हे रोमी सुभेदाराला ठाऊक होतं. त्यानं सगळ्यांसमोर पाणी मागवलं, हात धुतले, आणि प्रभूला क्रुसावर चढवणाऱ्यांच्या हवाली केलं.

“पाणी आणू का, सर?” तिनं विचारलं.

एडविनला वाटलं, बाई विचारपूस करतायत. “नको, नको. थँक यू,” तो म्हणाला.

मराठीत तो शेवटपर्यंत बोलला नाही.

ती फाटकाबाहेर पडली तेव्हा ऊन नुकतं चढू लागलं होतं. या वेळेचं ऊन तिनं एवढ्या वर्षांत रस्त्यावर पाहिलेलं नव्हतं. ते वर्गाच्या खिडकीतून तिरकं येऊन तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचं. पेढ्यांच्या दुकानदारानं विचारलं, “सलाम, बाई! आज लवकर सुटलात?”

“सुटले,” दीना म्हणाली.

उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्यांच्या मागं मागं ती चालत राहिली. आईनं तिला एकच गोष्ट शिकवली होती: मधलं अक्षर बघ. सोडली आणि सोडवली, यांच्या मधे एक ‘व’ आहे. त्याच्या अलीकडे वाटेवरची चिंधी, पलीकडे देवाचं माणूस. तिनं पाहिलं होतं की! दोन मांड्यांवर दोन शास्त्रं घेऊन अक्षर न् अक्षर पाहिलं होतं. पण त्या भाषेत ते अक्षरच नव्हतं. लेट गो. सोडली म्हणा, सोडवली म्हणा, दोन्हीला तेच. गुलामाच्या बेड्या तुटल्या तरी तेच, भाकड गाय माळावर हाकलली तरी तेच. ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचा ‘व’ घालायचा. तिनं घातला होता. पेढे वाटून, चर्चमध्ये उभं राहून, ओवी गाऊन घातला होता. आता रविवारी पुन्हा उभं राहून तो काढून कसा घ्यायचा? साक्ष परत घेता येते का? देवाचे मानलेले आभार कुणाकडे मागायचे?

घराच्या दारात दगडाबाई उभी होती, पदरानं डोळे पुसत आणि हसत.

“आली का गं, दीने? बरं झालं लवकर आली. आत ये, बघ तुज्या नवऱ्यानं काय केलंय! सकाळधरनं निसता व व चाललाय. मला वाटलं, कुत्रं मागं लागलंय का काय!”

पॉल खाटेवर बसलेला होता. आपला आपण उठून बसला होता, भिंतीला टेकून, चांगल्या हातानं वाकडा हात मांडीवर धरून. हनुवटीवर लाळेचा ओघळ, शर्ट पुढून भिजलेला. दीनाला बघताच त्याचे डोळे उजळले. पहिल्या बाकावरचं पोरगं उत्तर आलं की असंच बघतं, बोट वर करायच्या आधी.

त्यानं खालचा ओठ दाताला टेकवला. कपाळाची शीर फुगली.

“सोड,” तो म्हणाला. थांबला. दगडाबाईनं श्वास धरला.

“व.”

आणि मग, पाटीवर ठळक काढलेल्या अक्षरासारखं, “ली.”

“सोडवली!” दगडाबाई टाळ्या पिटत ओरडली. “देवा बापा, सगळंच्या सगळं म्हनला गं!”

पॉल दीनाच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या शाबासकीची वाट बघत होता.

दीनानं खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली. खाटेजवळ बसली, पदराच्या टोकानं त्याची हनुवटी पुसली.

“बरोबर,” ती म्हणाली. “पैकीच्या पैकी.”

त्याचं अर्धं तोंड हसलं.

“आणखी एकदा म्हणा.”

आणि त्यानं ‘व’वर जोर देऊन पुन्हा म्हटलं.